टॅबची कळ अन् गायब टूलबॉक्स
गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टूलबॉक्स, म्हणजे साधनांचं पॅनेल, गायब झालं तर ‘गिंप बंद करून पुन्हा उघडा, टूलबॉक्स येईल’ असं काही जण सांगतात, पण भाऊ, तसं होत नाही. गिंप बंद होताना मांडणी लक्षात ठेवतं. पॅनेल लपलेले असताना बंद केलं, तर उघडल्यावरही लपलेलेच.

दारव्ह्याकडच्या गावात माझं फोटोचं दुकान. पासपोर्ट फोटोसाठी पोरांची रांग, अन् पुतण्याचं बोट टॅबवर पडलं. दोन्ही बाजूंचं सारं गायब! लाइट जाईल म्हणून घाईघाईत तीनदा बंद-चालू केलं, काही नाही. शेवटी फोटोवर क्लिक करून टॅब एकदा दाबला, झालं. ‘विंडोज’ मेनूत ‘हाइड डॉक्स’ (म्हणजे पॅनेल लपवा) यासमोर खूण दिसली तर समजा हेच. मी तर मांडणी लावून, ती सेव्ह करून, प्रेफरन्सेसमधली (सेटिंगमधली) ‘सेव्ह विंडो पोझिशन्स ऑन एक्झिट’ची खूणच काढली. आता पुतण्या काय दाबायचं ते दाबो, पुन्हा उघडलं की सेव्ह केलेलीच मांडणी.