मदत हवी आहे : कळंब्यातून दिसलेला, ठरावीक वेळाने उजळणारा उपग्रह कोणता असेल?

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या कळंब्यातील आमच्या गच्चीवरून मी गेली दोन वर्षे १० बाय ५० च्या बायनॉक्युलरने नियमित आकाश पाहतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक नैर्ऋत्येकडून वर आले आणि ईशान्येला, शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या अलीकडेच, दिसेनासे झाले. ते पृथ्वीच्या सावलीत शिरले, हे मी मुलीला समजावत होतो, तेवढ्यात तिनेच उत्तरेकडे बोट दाखवले. शर्मिष्ठेच्या बाजूने निघालेला एक मंद ठिपका भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांच्या चौकोनाची पूर्वेकडची कड धरून दक्षिणेकडे सरकत होता. मध्येच तो चांगला ठळक होई आणि पुन्हा जवळजवळ नाहीसा होई. मुलीने माझ्या मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लागोपाठ सहा वेळा दोन उजळण्यांमधले अंतर मोजले आणि ते दर वेळी नऊ सेकंदांच्या आसपास भरले.

लाल-हिरवे दिवे किंवा आवाज नसल्याने ते विमान नव्हते. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे तेही असे थेट उत्तर-दक्षिण जात नाही. ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेत उरलेला, गिरक्या घेणारा रॉकेटचा टप्पा असावा, असे मला वाटते. कारण अशा लांबट नळकांड्याची बाजू सूर्यप्रकाश आपल्याकडे परावर्तित करील अशी वळली, की ते तेवढ्यापुरते उजळते.

खरी अडचण वेळेची आहे. मोबाईल मुलीच्या हातात होता, म्हणून मी खाली जाऊन स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून ७ वाजून १२ मिनिटे अशी नोंद केली, आणि ते घड्याळ दोन मिनिटे चुकीचे असल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. त्यात जिना उतरण्याचा वेळही धरावा लागेल. असा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे दोन मिनिटांत ९०० किलोमीटर. परिणामी, कोणता उपग्रह कधी व कुठे दिसेल हे सांगणाऱ्या हेवन्स अबव्ह या संकेतस्थळाच्या यादीतले तीन पर्याय मला सारखेच शक्य वाटतात.

ताऱ्यांमधला मार्ग आणि नऊ सेकंदांचे अंतर एवढ्यावरून या तिघांतला नेमका कोणता, हे ठरवता येईल का? पुढच्या वेळी मोबाईल तिपाईवर ठेवून सलग पाच-पाच सेकंदांची छायाचित्रे घेतली, तर वेळ आणि उजळणे दोन्ही नीट नोंदले जाईल का, की व्हिडिओ अधिक उपयोगी पडेल? उत्तरेला शहराचा उजेड बराच असल्याने व्हिडिओत मंद ठिपका उमटेल की नाही, याची मला शंका आहे. ज्यांनी असे निरीक्षण केले आहे, त्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.