मदत हवी आहे: दुकानातल्या विंडोजमधून माडीवरचा मिंट दिसत नाही

पेठकरी_७
घर राजारामपुरीत. खाली दुकान, वर राहणं. तीन मशीनं आहेत:
दुकानात विंडोज ११ प्रो, फायबरच्या डब्याला (इंटरनेटवाल्यानं दिलेल्या राउटरला) केबलनं जोडलेलं, आयपी १९२.१६८.१.१२.
माडीवर लिनक्स मिंटवाला पीसी (१९२.१६८.०.१०५) आणि मॅकबुक (१९२.१६८.०.१०७). डब्याचं वायफाय जिन्यातच मरतं, म्हणून केबल वर नेऊन दुसरा राउटर बसवलाय.

मॅक आणि मिंट एकमेकांच्या फायली उघडतात. मिंटवरून दुकानाचा पीसी पिंग होतो, म्हणजे हाकेला ओ देतो, पण पासवर्ड टाकला की परत पासवर्डच मागतो. दुकानातून मिंट मात्र पिंगही होत नाही, ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ एवढंच येतं. फायरवॉल बंद करून बघितली, व्हिडिओत बघून विंडोजमध्ये एसएमबी १ (फायली शेअर करायची जुनी पद्धत) चालू केलं, फरक शून्य. दुकानाची बिलं रोज रात्री मिंटवर पडावीत एवढंच पाहिजे.

तारजोडे
पहिल्यांदा ते एसएमबी १ बंद करा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच भोकातून पसरला होता. सांबानंही (लिनक्सवरून विंडोजशी फायली शेअर करणारं सॉफ्टवेअर) २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ते मुळातच बंद ठेवलंय, म्हणजे तुमच्या मिंटला त्याचा उपयोग नाही. ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन खूण काढा, रीस्टार्ट करा. फायरवॉलही परत चालू करा, ती बिचारी यात नाही.

तुमचा आजार आयपीतच लिहिलाय. खाली १.१२, वर ०.१०५. माडीवरचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क करून बसलाय. आतून बाहेर जाता येतं, म्हणून मिंटवरून दुकान पिंग होतं. बाहेरून आत यायला दारच नाही, म्हणून उलटं होत नाही. एका बाजूनं दिसतं आणि दुसऱ्या बाजूनं नाही, असं असलं की सेटिंगं उकरण्याआधी राउटर किती आहेत ते मोजायचं.

वरच्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर या क्रमानं:

१. वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टातली केबल काढा. ही आधी काढायचीच, नाहीतर पुढच्या पायरीला दोन्ही बाजूंना एकच रेंज येते आणि बरेच राउटर नवा आयपी घेत नाहीत.
२. लॅपटॉप राउटरला जोडून त्याचा लॅन (घरातल्या नेटवर्कचा) आयपी १९२.१६८.१.२ करा. डब्याची आयपी वाटपाची रेंज २ पासूनच सुरू असेल तर ती १० पासून करा.
३. नव्या आयपीवर लॉगिन करून डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करा. हे आयपी बदलण्याआधी केलंत तर राउटरमध्ये परत शिरताना घाम फुटेल.
४. खालून आलेली केबल आता लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट रिकामं राहतं, राहू दे.

सगळ्यांना १.x चे आयपी मिळायला हवेत. वळवाच्या पावसात लाइट गेली-आली की आयपी बदलतात, म्हणून डब्यात मिंटचा आणि दुकानाचा आयपी राखून ठेवा.

पेठकरी_७
केलं. आता दुकानातून मिंट पिंग होतोय. पण पासवर्डचं दुखणं तसंच, दोन्ही बाजूंनी.

सांबा_सांभार
तुम्ही विंडोजला चार आकडी पिननं लॉगिन करता ना? पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून चालत नाही. खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा एक लोकल युजर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि स्पेस नको. पासवर्ड कोरा ठेवू नका, कोऱ्या पासवर्डच्या युजरला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. बिलांचा फोल्डर त्या युजरला दोन ठिकाणी द्यायचा: ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. दोन्हींतलं जे जास्त कडक ते लागू होतं. लोक एकच करतात आणि मग ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून बोंबलतात. नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे का तेही बघा.

मिंटकडे वेगळंच आहे. सांबा पासवर्ड स्वतःकडे ठेवतो, मिंटच्या लॉगिनचा त्याला ठाऊक नसतो. टर्मिनलमध्ये सुडो लावून ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांड, वजा ए, आणि युजरचं नाव. हा युजर मिंटवर आधीपासून असावा लागतो. गेस्ट (बिनपासवर्डच्या) शेअरच्या वाटेला जाऊ नका, विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीही गेस्टला नाकारते.

एवढं करूनही नाकारलं तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जुना चुकीचा पासवर्ड बसलेला असणार. तो उडवा, लॉगआउट करून परत या.

‘नेटवर्क’मध्ये चित्र दिसलं नाही तर दिसू दे. नाव दिसणं वेगळं, जोडणं वेगळं. दोन उलट्या तिरक्या रेघा (बॅकस्लॅश) आणि आयपी टाइप करा, उघडलं की शॉर्टकट करून ठेवा. चित्रच पाहिजे असेल तर मिंटवर डब्ल्यूएसडीडी हा प्रोग्राम टाका.

तारजोडे
पुरवणी. बिलांच्या पीडीएफ रात्री कॉपी करा, पण हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा मिंटवर ठेवून वायफायवरून उघडू नका. मधेच लिंक तुटली की फाइल अर्धवट लिहिली जाते. आणि केबल टाकणाऱ्यानं आठच्या आठ तारा क्रिंप केल्यात का बघा. चारच असतील तर वेग १०० मेगाबिटवर अडकतो, सेकंदाला साधारण ११ एमबी. ४० जीबीला तास जाईल.

पेठकरी_७
झालं की राव! दोन्हीकडून उघडतंय. प्रोफाइल पब्लिक होतं आणि पिनही होताच.
एक शेवटचं. मिंटवर ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये दिसतात. अक्षर न् अक्षर सारखं. एक दुकानातून आलेली, दुसरी मागं मॅकच्या जुन्या डिस्कवरून आरसिंक या कॉपीच्या कमांडनं आणलेली.

सांबा_सांभार
घोळ ‘ऱ’चा आहे. युनिकोडमध्ये तो एका कोडनं लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन कोडांनी. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का नाव साठवतानाच ते फोडून ठेवतात. विंडोजवर टाइप केलेला सहसा एकसंध असतो. लिनक्स नावं बाइटनं ताडून बघतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. मॅकवर नवीन एपीएफएस पद्धतीची डिस्क असेल तर दोन्ही एकच धरली जातात, म्हणून तिथं कधी जाणवत नाही.

मिंटवर फायलींची नावं बदलणारं ‘कॉनव्हएमव्ही’ टाका. युटीएफ-८ मधून युटीएफ-८ मध्येच, एनएफसी (एकसंध अक्षरांचा) पर्याय लावून अख्ख्या फोल्डरवर चालवा. पहिल्यांदा ते नुसतं काय बदलणार ते दाखवतं, खरं बदलायला ‘नोटेस्ट’ लावावं लागतं. त्याआधी दोन्ही पावत्या उघडून बघा आणि एक दुसरीकडं हलवा, नाव एक झाल्यावर दोघी एका फोल्डरमध्ये मावणार नाहीत. काही कीबोर्ड ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडक असा तिसराच प्रकार टाइप करतात. तो यात सुधरत नाही, ते नाव हातानंच बदला.