मदत हवी आहे: ८ एमएमचा मुतखडा, दुखणं थांबलंय. खडा पडला समजायचं का?

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. आमच्या दाजींबद्दल विचारायचं आहे. वय ४१, राहायला बेळगावजवळ मच्छे, उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीवर काम. गेल्या आठवड्यात रात्रपाळी करून आले आणि पहाटे डाव्या बाजूला कळ उठली. पाठीतून सुरू होऊन थेट जांघेपर्यंत. बसवेना, झोपवेना. भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे, लगेच खाली वाकायचे, मग ओकारी. अक्काला वाटलं अपेंडिक्सच फुटलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे उतार पडला.

नंतर बेळगावात सोनोग्राफी केली. रिपोर्टात असं आहे: लेफ्ट अप्पर युरेटर, ८ एमएम कॅल्क्युलस, माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या डाव्या वाहिनीत वरच्या भागात खडा आणि किडनीला थोडी सूज. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) १.१. लघवीत रक्तपेशी सापडल्या, इन्फेक्शन नाही म्हणाले. युरॉलॉजिस्टनी दुखण्याच्या गोळ्या आणि रात्री घ्यायची, वाहिनी सैल करणारी टॅमसुलोसिन गोळी दिली. दोन आठवड्यांनी सीटी स्कॅन करून या, खडा सरकला नसेल तर दुर्बिणीने काढू, असं सांगितलं. डॉक्टर कानडीत बोलत होते. दाजींचं कानडी कारखान्यापुरतं, त्यामुळे मान डोलवून आले. मी सोबत नव्हतो, निम्मं तिथंच राहिलं.

आता दुखणं पूर्ण बंद आहे आणि दाजी म्हणतात, "पडला की तो! दुखायचं थांबलं म्हणजे गेलाच. आता सीटीला पैसे कशाला घालवायचे?" सोमवारपासून परत भट्टीवर जाणार म्हणतात. आत्तीने पानफुटीची पानं आणि हुलग्याचं कढण सुरू केलंय. चुलतभाऊ सांगतो बियर पाज. टोमॅटो, दूध, दही सगळं घरात बंद.

तर खडा पडला हे ओळखायचं कसं? सीटी टाळता येईल का? आणि ऑपरेशन करायचंच झालं तर नेमकं काय करतात, खर्च कसा भागवायचा? आमच्या बोअरच्या पाण्यानेच हे झालं असं सगळी गल्ली म्हणते, ते खरं का?

---

खानापूर_रोड

टेन्शन घेऊ नका. माझा ४ एमएमचा होता, हुलग्याचं पाणी पिऊन पडला. दोन बियर मारल्या की वाट मोकळी. ऑपरेशनच्या नादाला लागू नका, एकदा काढला तरी परत होतोच.

---

वॉर्डातली_सिस्टर

मी बरीच वर्षं युरॉलॉजी वॉर्डात काम केलंय. डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण वाचून राहवलं नाही.

सगळ्यात आधी हे: दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं अजिबात नाही. कळ खड्याच्या टोचण्याने येत नाही. खड्यामागे लघवी तुंबते, किडनीत दाब वाढतो, वाहिनी आवळते, त्याची ती कळ असते. खडा एका जागी बसला, बाजूने थोडी लघवी झिरपायला लागली, किंवा तुंबलेल्या किडनीने लघवी तयार करणंच कमी केलं, की दाब उतरतो आणि दुखणं जातं. खडा जागेवरच. आत किडनी सुजत राहते आणि माणूस खुशाल कामावर जातो. दोन्ही किडन्या असल्या की दुसरी काम ओढून नेते, क्रिएटिनिनही नॉर्मल दिसतं. तुमच्या १.१ वर म्हणूनच विसंबू नका. आमच्या वॉर्डात कळवळत येणाऱ्यांची मला फार काळजी वाटायची नाही. "तेव्हा दुखलं होतं, मग थांबलं" म्हणत खूप महिन्यांनी येणाऱ्यांची वाटायची. त्यातल्या काहींची ती किडनी कामातून गेलेली असायची.

खानापूर रोड यांचा ४ एमएमचा पडला यात नवल नाही. ५ एमएमच्या आतले बहुतेक आपोआप पडतात, हुलगे प्या नाहीतर नका पिऊ. ५ ते १० मध्ये साधारण निम्मे पडतात, आणि त्यातही खाली मूत्राशयाजवळ आलेले जास्त. दाजींचा वर अडकलाय. ८ एमएम म्हणजे हरभऱ्याएवढा, आणि वाहिनीची पोकळी ३-४ एमएमची. शिवाय वाटेत तीन अरुंद जागा: किडनीतून वाहिनी निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. शेवटची सगळ्यात चिंचोळी.

पडला हे कळायचे दोनच मार्ग. एक, लघवी गाळून. चहाची जुनी गाळणी किंवा फडकं घ्या, दर वेळी त्यातून. खडा सापडला तर फेकू नका, तपासणीला द्या, कशाचा आहे ते कळतं. दुसरा, स्कॅन. सोनोग्राफीत किडनी आणि सूज चांगली दिसते, पण वाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या हवेमागे लपतो. "सोनोग्राफीत दिसला नाही, म्हणजे गेला" म्हणून फसणारे बरेच. मुतखड्यासाठीचं सीटी साधं असतं, शिरेतून औषध सोडावं लागत नाही. त्यातून खडा किती, कुठे आणि किती कठीण हे तिन्ही कळतं, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा ओकाऱ्या थांबेनात, तर दोन आठवड्यांची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखाना. तुंबलेल्या किडनीत इन्फेक्शन झालं तर ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही. अशा वेळी आधी नळी घालून किडनी मोकळी करतात, खडा नंतर बघतात.

---

तिसरी_पाळी

सिस्टर, फार आभार. तुमचा मेसेज दाजींना वाचून दाखवला. "भिती घालायलीय बाई" म्हणाले, पण गाळणी घेतली एकदाची. अजून काही सापडलं नाही. टॅमसुलोसिनने उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून कालपासून बंद केली होती, ती चालू करू का?

---

वॉर्डातली_सिस्टर

अंधारी येणं हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास. ती वाहिनी सैल करते, त्यासोबत बीपीही उतरतं. म्हणून झोपताना देतात. उठताना आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं. पण यांचं काम भट्टीवरचं! वितळलेल्या लोखंडापाशी तोल गेला तर? गोळी चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, आणि काम काय आहे ते नीट सांगा. पर्चीवर नुसतं "सर्व्हिस" लिहिलेलं असतं. तोवर भट्टीपुढे उभं राहायचं नाही, हे माझं स्पष्ट मत.

दुखण्याच्या गोळ्याही मेडिकलमधून परस्पर घेत राहू नका. डायक्लोफेनॅक कळेवर उत्तम, पण किडनी आधीच अडचणीत असताना रोज रोज नको. आणि कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पाजतात, त्याने खडा ढकलला जात नाही, उलट दुखणं वाढू शकतं. तेव्हा तहानेपुरतं पुरे. भरपूर पाणी कळ नसताना.

---

मलप्रभाकाठी

माझं दुर्बिणीने झालंय, म्हणून प्रक्रियेचं सांगतो.

दुर्बीण लघवीच्या वाटेनेच वर नेतात, लेसरने खडा फोडतात. बाहेरून टाका नाही. खडा वरच सरकून किडनीत गेला तर वाकणारी दुर्बीण घालतात, त्याला आरआयआरएस म्हणतात, खर्च जास्त. एक सेंटिमीटरच्या आतला वरचा खडा बाहेरून धक्के देऊनही फोडता येतो, पण तो फार कठीण असला तर फुटत नाही, आणि फुटला तरी तुकडे आपले आपणच पाडायचे, पुन्हा कळा. पाठीतून भोक पाडून काढायचं ते २ सेंटिमीटरच्या वरच्यांना, तुम्हाला त्याची गरज पडू नये.

मुख्य सांगायचं ते डीजे स्टेंटचं. बऱ्याचदा आत एक मऊ नळी ठेवतात, सूज उतरेपर्यंत. तिचा त्रास होतो: सारखी लघवीला लागते, लघवी करताना पाठीत कळ जाते, कधी लालसर होते. पण ती काढायची असते. आमच्या गावातले एक गृहस्थ बरं वाटलं म्हणून काढायलाच गेले नाहीत. नळीवरच खडे जमले, आणि ती काढायला मोठं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, घरात वाचणारं कोणी नाही. काढायची तारीख विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लाल पेनाने मराठीत लिहा.

---

अनगोळ_नाका

खर्चाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फाउंड्रीत कायम असतील तर पगारातून ई.एस.आय. (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का बघा. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना लागू असतं. कार्ड असेल तर पहिल्यांदा ई.एस.आय. दवाखान्यात जाऊन तिथून पुढे चिठ्ठी घ्या. आजारपणाच्या रजेचे पगाराच्या ७० टक्के पैसेही मिळतात, फक्त डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्यांच्या पद्धतीने हवं. दाजींना सोमवारी कामावर जायची घाई पैशांसाठीच असेल तर हे आधी सांगा. कंत्राटदाराकडे असतील तर कार्ड आहे की नाही हे बरेचदा कामगारालाच ठाऊक नसतं, ऑफिसात जाऊन नंबर मागा.

ई.एस.आय. नसेल आणि बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही सरकारी योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून रेफर करून घ्यावं लागतं, म्हणजे आपल्याकडे बेळगावचं सिव्हिल, बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं. थेट मोठ्या खाजगी दवाखान्यात जाऊन नंतर कार्ड पुढे केलं तर चालत नाही. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना त्यांची महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली आहे. कोल्हापूरला जायचा विचार असेल तर निघायच्या आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) फोन करून कागद कुठले लागतात ते विचारा. या दोन राज्यांच्या ओढाताणीत पेशंटला एसटी स्टँडवर बसवून ठेवू नका.

---

तिसरी_पाळी

अनगोळ नाका, हे माहीतच नव्हतं. दाजींच्या पगारपत्रकात ई.एस.आय. कापलेलं आहे! कार्ड कुठे आहे ते अक्का शोधतेय. पाण्याचं आणि खाण्याचं कोणी सांगेल का? अक्काने आता शेंगदाण्याचं कूटही बंद केलंय, भाजीला चवच नाही.

---

वॉर्डातली_सिस्टर

बोअरला सगळा दोष देऊ नका. त्याच गल्लीत तेच पाणी पिणारे शेकडो लोक आहेत. पाणी जड आहे यापेक्षा दाजी ते किती पितात हा प्रश्न मोठा. पाळीभर भट्टीपुढे घाम गाळायचा, मध्ये चहा, आणि लघवीला जायला जागा सोडायला लागते म्हणून पाणी कमी. लघवी घट्ट झाली की क्षारांचे स्फटिक धरतात, खड्याची सुरुवात तिथून. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. घाम जाणाऱ्याने पाणी त्याहून बरंच जास्त प्यायला हवं. लिटरं मोजत बसण्यापेक्षा रंग बघा, फिकट पिवळी असली की झालं. रात्रपाळीला मोठी बाटली न्या. लिंबू पिळा, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. मीठ मात्र चिमूटभरच.

दूध-दही बंद केलंत ते आधी सुरू करा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात म्हणून लोक कॅल्शियमला घाबरतात. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून बाहेर नेतं. ते बंद केलं की ऑक्झॅलेट मोकळं राहून लघवीत उतरतं. जेवणात ताक हवंच. टोमॅटोला उगीच बदनाम केलंय, रोजच्या आमटीतल्याने काही होत नाही. जास्त ऑक्झॅलेट पालकात, अळूत, बिटात. शेंगदाण्यातही असतं, पण भाजीत चमचाभर कूट चालेल, वाटीभर खारे शेंगदाणे नकोत. खरा शत्रू मीठ: लोणचं, पापड, फरसाण. मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. मटण रोज नको. आणि आपल्या बेळगावच्या कुंद्याचं (दुधाच्या मिठाईचं) विचारायच्या आधीच सांगते, सणावाराला चालतो.

हुलग्याचं कढण प्यायला हरकत नाही, पोटात पातळ जातंय. पण कॅल्शियमचा ८ एमएमचा खडा त्याने विरघळेल ही आशा नको, पानफुटीनेही नाही. औषधाने विरघळतो तो युरिक अॅसिडचा खडा, तोही लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने, डॉक्टरांच्या देखरेखीत. घाम गाळणाऱ्यांना तो होतो, म्हणून दाजींच्या बाबतीत ही शक्यता आहेच. सीटीत खड्याची घनता कमी आली तर डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा, कदाचित दुर्बीण टळेल. सीटी कशाला म्हणणाऱ्या दाजींना एवढं ऐकवा.

बियर नको. लघवी होते, पण नंतर शरीर कोरडं पडतं आणि युरिक अॅसिड वाढतं ते वेगळंच.

---

खानापूर_रोड

बियरचं मागे घेतो. हुलग्याचं नाही.

---

तिसरी_पाळी

डॉक्टरांना फोन लागला. भट्टीचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी गोळी थांबवली आणि सीटी दोन आठवड्यांवरून अलीकडे घेतलं, परवा सकाळी. ई.एस.आय. कार्ड अक्काच्या साड्यांच्या ट्रंकेत सापडलं, उद्या चिठ्ठी आणायला जातोय. या वेळी मी सोबत असणार आणि कानडी येणारा शेजारचा पोरगाही. खडा कुठे आहे, किती कठीण, किडनीची सूज वाढली का, युरिक अॅसिडचा असू शकतो का, स्टेंट घातला तर कधी काढायचा, एवढं कागदावर लिहून घेतलंय. आणखी काही विचारायचं राहिलं असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.

---

मलप्रभाकाठी

उजव्या किडनीत काही आहे का तेही विचारा. आणि रिपोर्टासोबत सीटीची फिल्म किंवा सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर नुसत्या कागदावर भागत नाही.