पार्किंगचा दाखला नाही तर पासिंग नाही? मग जुन्या शहरानं काय करायचं?

गुलमंडीकर: परवा कुणीतरी इथं लिहिलं, 'सिंगापूरसारखा गाड्यांच्या परवान्याचा लिलाव संभाजीनगरात लावा, पार्किंगचा दाखला नसेल त्याचं पासिंगच करू नका.' दाखल्याचं तर 2025 मध्ये परिवहन मंत्रीही बोलले होते. अहो, गुलमंडी-औरंगपुऱ्यातले वाडे उठले तेव्हा गाड्या होत्या का? सिडको एन-4 मधल्या बंगलेवाल्याला दाखला बसल्या जागी मिळणार, दारात तीन गाड्या. माझी एकच सेकंडहँड, आईच्या डायलिसिससाठी घेतलेली. ती बेकायदा?

एन-4 वाला: म्हणून रस्ता तुमच्या बापाचा? जपानात 1962 पासून कायदा आहे. घरापासून 2 किलोमीटरच्या आत जागा दाखवा, मग गाडी. भाड्याची जागाही चालते. पैठण गेटला तुमच्यासारख्यांच्या गाड्यांत आमच्या भावाची वरात अडकली, नवरदेव घोड्यावरून उतरून पायी निघाला!

लातूरचा पाव्हणा: सिंगापूरचा परवाना 10 वर्षांचा, भाव लाख डॉलरच्या वर गेलेला. पण तिथं मेट्रो आहे राव. इथं सिटी बसची वाट बघत माणूस म्हातारा होतो. आन् ज्या संभाजीनगरानं 2010 मध्ये एकदम 150 मर्सिडीज उचलल्या, तिथं लिलावात परवाने कोण नेणार?

वाळूजकर: आलं का मर्सिडीजवर! सगळ्यांनी मिळून घासाघीस करून केलेली 65 कोटींची खरेदी होती ती. मराठवाडा म्हटलं की टँकरच दाखवायचे का?

लातूरचा पाव्हणा: अभिमान बाळगा की. पण जालना रोडवर त्या गाडीत माणूस एकटाच असतो, अन् जागा चौघांची खातो.

वाळूजकर: टॅक्सही तोच जास्त भरतो. पेट्रोल गाडीला 11 टक्क्यांपासून सुरुवात, किंमत वाढली की टक्काही वाढतो. तुमच्या ट्यूशन एरियात आधी स्कूटी लावायला जागा करा, मग शिकवा.

लातूरचा पाव्हणा: स्कूटीवाली पोरं डॉक्टर होऊ लागलीत, जळू नका.

गुलमंडीकर: धागा कशाचा, चाललंय काय! एन-4, भाड्याचं पटलं. महापालिकेनं जवळपास जागा द्यावी, महिन्याला पैसे भरतो. पण जागा आधी, पासिंग नंतर अडवा. आणि पैसे गाडी असण्याचे कशाला, गर्दीच्या वेळी फिरवण्याचे घ्या. माझी डायलिसिसच्या दिवशीच निघते, तुमची दूध आणायलाही.

एन-4 वाला: घ्या, आजाऱ्यांना सूट मान्य. उद्या अख्ख्या गुलमंडीला डायलिसिस लागेल बघा.

गुलमंडीकर: आईच्या दुखण्यावर विनोद नको. आणि गेटबाहेर कुंड्या मांडून रस्ता अडवलाय ना, त्या आधी आत घ्या.