६.५-०६ वाईल्डकॅट (मुळात कारखान्यात न बनलेलं, हौशींनी दुसऱ्या केसपासून बनवलेलं काडतूस): ब्रास (पितळी केस) कशापासून बनवू आणि डाय (केसला आकार देणारा साचा) कुठली घेऊ?

नवा_नेमबाज
नमस्कार मंडळी. मामांची जुनी माउझर अ‍ॅक्शनची रायफल आता माझ्या नावावर झालीय. नळी बदललेली आहे आणि तिच्यावर नुसतं "६.५-०६" कोरलंय, बाकी नळी कुणी बसवली, रीमर (चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, कापायचं हत्यार) कुठला होता, कसलेच कागद नाहीत. डाय नाही, फायर केलेली एकही केस नाही. वाचून एवढं कळलं की ३०-०६ या काडतुसाची केस घेऊन नेक (बुलेट धरणारं केसचं तोंड) ६.५ च्या बुलेटला आवळायचा. एकदा वापरलेलं ३०-०६ ब्रास माझ्याकडे भरपूर पडलंय, पण कुणी २७० ची केस घे म्हणतं, कुणी २५-०६ ची. नक्की कशापासून सुरुवात करू? आणि डाय तयार मिळते की करून घ्यावी लागते? ३०८ साठी रीलोडिंग (वापरलेल्या केस पुन्हा भरणं) बरीच वर्षं करतोय, वाईल्डकॅटला मात्र पहिल्यांदाच हात घालतोय.

पितळवेडा
ब्रास आणि डाय दोन्ही जरा थांबू देत, आधी चेंबर कास्ट करून घे, म्हणजे आत धातू ओतून त्याचा ठसा काढ. हे काडतूस पुढे ए-स्क्वेअर या काडतूस कंपनीने प्रमाणित करून घेतलं खरं, पण त्याआधी ज्याने त्याने आपापल्या रीमरने चेंबर कापलेत आणि नाव सगळ्यांनी तेच कोरलंय. साधं ६.५-०६ असेल तर शोल्डर (नेकखालचा उतार) ३०-०६ सारखाच साडेसतरा अंशाचा असतो, पण कुणी अ‍ॅकली इम्प्रूव्हड (बॉडी सरळ आणि शोल्डर उभा करणारा बदल) केलेलं असेल तर ४० अंशाचा निघेल आणि मग डायपासून सगळंच बदलतं.

सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, साधारण ७० ते ८८ अंश सेल्सियसमध्ये वितळतो. थ्रोटच्या (चेंबर संपून नळीचे आटे सुरू होतात त्या जागेच्या) थोडं पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवायचा, चेंबर स्वच्छ पुसून घ्यायचा आणि ओतायचं. पहिल्या अर्ध्या तासात ते किंचित आकसतं, तेवढ्यात बाहेर काढायचं, मग परत फुगतं आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या बरोबर मापाला येतं, तेव्हाच मायक्रोमीटर लावायचा. नेकचा व्यास, शोल्डरचा कोन आणि बुडापासून ०.२ इंच पुढे बॉडीचा व्यास, ही तीन मापं इथे टाक मग पुढचं बोलू.

लेथवाला_अण्णा
कास्टबद्दल पितळवेडांशी शंभर टक्के सहमत. आता ब्रासचं. तिन्ही केसचं बूड एकच, त्यामुळे बनतं तिन्हीपासून, फरक पडतो तो नेकमध्ये. ६.५ ची बुलेट ०.२६४ इंच. ३०-०६ म्हणजे ०.३०८ वरून ४४ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खाली यायचं, आणि पितळ आवळलं की भिंत जाड होते. २७० वरून फक्त १३ थाउ, पण ती केस लांब असते, २.५४० इंच, म्हणून ट्रिम करून २.४९४ च्या आसपास आणावी लागते. २५-०६ ला उलट ७ थाउ वर जायचं, लांबी तीच, भिंत किंचित पातळ होते. एक्स्पांडरची (नेक आतून रुंद करणाऱ्या गोळ्याची) एक खेप मारली की केस तयार, मी तरी तेच घेईन.

फक्त नेक वर नेताना शोल्डरचं थोडं जाड पितळ नेकच्या मुळाशी येतं आणि आतून कडं तयार होतं. लांब बुलेट खोल बसवलीस तर ती तिथे अडते आणि पकड वाढते, म्हणून नेक टर्न करताना (बाहेरून खरवडून पातळ करताना) कटर शोल्डरला जेमतेम चाटेल इतका पुढे न्यायचा.

नवा_नेमबाज
धन्यवाद दोघांनाही! कास्ट झालं. शोल्डर साडेसतरा अंशाचाच आहे, हुश्श. नेक ०.२९७ इंच आला. ३०८ च्या सेटमधलं काही चालेना म्हणून मित्राच्या डाय आणून दोन डमी बनवल्या, प्रायमर पावडर काही नाही, फक्त बुलेट बसवली. ३०-०६ पासून केलेलीचा नेक ०.२९८ भरतोय, २५-०६ वालीचा ०.२९३. ३०-०६ वाली चेंबरमध्ये जातच नाही, थोडं जोर लावून बोल्ट बंद करू का?

लेथवाला_अण्णा
अजिबात नको!! जोर लावून बोल्ट बंद झाला तरी फायर होताना नेकला फुगायला जागाच नाही, बुलेट सुटणार कशी? प्रेशर कुठल्या कुठे जातं. भरलेल्या काडतुसाच्या नेकभोवती एकूण तीन थाउ तरी मोकळे पाहिजेत. २५-०६ वालीला चार मिळतायत, म्हणजे ती टर्न न करताही बसते. ३०-०६ चंच ब्रास वापरायचं असेल तर प्रत्येक केसची भिंत किमान दोन थाउ खरवडावी लागेल.

पितळवेडा
हेडस्पेस (चेंबरमध्ये केसला पुढे-मागे किती जागा उरते ते) राहिला की. २५-०६ ची केस नुसती रुंद करून घातलीस आणि तुझा चेंबर थोडा लांब निघाला तर पहिल्याच फायरला बुडाजवळ पितळ ताणलं जाईल. त्यापेक्षा नेक आधी २७० च्या मँड्रेलने (नेकमध्ये घालायच्या मापाच्या दांड्याने) ०.२७७ पर्यंत मोठा कर, मग ६.५-०६ ची फुल लेंग्थ (पूर्ण केसला आकार देणारी) डाय थोडी थोडी खाली घेत जा, दर वेळी केस चेंबरमध्ये घालून बघ, आणि बोल्ट किंचित घट्ट बंद व्हायला लागला की तिथेच थांब. हा झाला खोटा शोल्डर, केस त्याच्यावर टेकते आणि बूड बोल्टला चिकटून राहतं. डाय मारताना केसला लावायचं मेण बोटाच्या टोकाला लागेल इतकंच, जास्त झालं की शोल्डरवर खळगे पडतात. नंतर अ‍ॅनीलिंग (तापवून पितळ मऊ करणं) कर, पण आच फक्त नेक आणि शोल्डरला, बूड मऊ पडलं तर केस सरळ भंगारात.

डायचं म्हणशील तर साध्या ६.५-०६ ची डाय आरसीबीएस आणि रेडिंग दोघांकडे असते, कस्टमची गरज नाही. घेतल्यावर बॉडीचं ते ०.२ इंचावरचं माप डाय मारलेल्या केसवर घे, ते चेंबरपेक्षा दोनेक थाउ बारीक आलं पाहिजे. तसं नाही आलं तरच तुझ्याच रायफलमध्ये फायर केलेल्या दोन-तीन केस डाय बनवणाऱ्याकडे पाठव, ते त्यावरून कापून देतात.

रानवाट
एक भर घालतो. बुडावर शिक्का २५-०६ चाच राहणार. खरी २५-०६ ची रायफल घरात किंवा मित्राकडे असेल तर हे ब्रास वेगळ्या डब्यात ठेव, डब्यावर ठळक लिही आणि प्रत्येक बुडावर पर्मनंट मार्करने खूण कर. रेंजवर दोन्ही रायफल एकाच दिवशी बाहेर काढू नको.

नवा_नेमबाज
मित्राकडे खरंच २५-०६ आहे, डमी बनवायला केस त्याच्याकडूनच आणली होती. आज रात्रीच डबे वेगळे करतो. २५-०६ चंच नवं ब्रास मागवतोय, डाय हातात आली की बॉडीचं माप टाकतो इथे.