मदत हवी आहे: स्क्रीन धुताना अख्खं कोटिंगच निघून जातंय

झिपरी
लोकहो पटकन कोणीतरी सांगा. गणपतीच्या आमंत्रणाची छोटी कार्डं, पोस्टकार्डाएवढी, घरीच स्क्रीनने, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापायचीत. फ्रेम आहे, जाळीवर उजेडाने कडक होणारं कोटिंग केलं, वाळवलं, डिझाईन ठेवून ट्यूबखाली ठेवलं आणि धुवायला घेतलं तर सगळं ओघळून मोरीत. वेळ वाढवला तरी तेच. व्हिडिओतल्या बाईच्या स्क्रीनवर पाणी पडल्या पडल्या अक्षरं उघडतात, म्हणजे डिझाईनखाली झाकलेलं तेवढंच कोटिंग निघतं. दुकानदार म्हणतो ताई माल चांगलाय. आणि प्लीज, बाहेरून छापून घ्या असं सांगू नका.

खटपट्या
कोटिंग उजेडाने कडक व्हावं म्हणून त्यात कुठलं रसायन आहे, डायझो की बायक्रोमेट? जाळी किती नंबरची? पॉझिटिव्ह, म्हणजे वर ठेवायची डिझाईनची काळी प्रिंट, कशावर काढलाय? उजेड किती अंतरावर, किती वेळ?

दादरचा_पोपट
बाहेरून छापून घ्या. किती कार्डं आहेत?

झिपरी
पोपट, वर काय लिहिलंय ते वाचा की जरा.
खटपट्या, डबीवर फोटो इमल्शन एवढंच लिहिलंय, सोबत छोटी बाटली होती ती मिसळली. जाळी दुकानदाराने दिली ती. डिझाईन बटरपेपरवर घरच्या प्रिंटरने काढलं. वीतभर अंतरावर १५ मिनिटं, आता २५ करून बघितली.

निळीशाई
आमचा लग्नपत्रिकांचा धंदा होता म्हणून सांगतो. डीटीपीवाल्याकडून ट्रेसिंग काढून आणायची, त्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायचा म्हणजे कागद पारदर्शक होतो, मग काच, मागून काळा फोम, वर वजन. ट्यूबच्या पेटीवर १५ मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. डायझोच्या फंदात पडूच नका, साधं बायक्रोमेट आणा, स्वस्त आणि खात्रीचं.

रानपाखरू
काका, घरात छापणाऱ्या माणसाला बायक्रोमेट कुठे सुचवताय? त्यातलं क्रोमियम कर्करोग करणाऱ्या पदार्थांत मोडतं, वर ती मोरी भांडी घासायची असणार.

निळीशाई
आम्ही हातानेच ढवळायचो. काही झालं नाही.

रानपाखरू
बोटांना भेगा पडायच्या का नाही, खरं सांगा.

निळीशाई
पडायच्या. तो भाग वेगळा.

कागदवेडी
यावरून आठवलं, जपानमधे यासाठी घरगुती यंत्रच होतं, प्रिंट गोक्को. रिसो कंपनीने १९७७ मधे आणलं, तिथे नवीन वर्षाची कार्डं लोक त्यावरच छापायचे. कार्बनच्या काळ्या शाईतलं चित्र ठेवायचं, झाकण दाबलं की फ्लॅशचे बल्ब उडायचे, त्या उष्णतेने काळ्या जागी फिल्मला भोकं पडायची आणि स्टेन्सिल तयार. ना कोटिंग, ना धुणं. घरोघरी कॉम्प्युटर प्रिंटर आले आणि ते बंद पडलं. कोणाकडे जुनं असेल तर मी विकत घेईन.

झिपरी
छान माहिती पण माझे गणपती तोंडावर आलेत हो!!

खटपट्या
झिपरी, ट्यूब एलईडी आहे का?

झिपरी
हो मग, आता कोणाकडे दुसरी असते? बदलून वर्षं झाली.

खटपट्या
तिथेच घोळ आहे. इमल्शन कडक होतं ते मुख्यतः अतिनील उजेडाने. काकांच्या पेटीतल्या जुन्या नळ्यांमधे पारा असायचा, त्यातून थोडं अतिनील बाहेर यायचं म्हणून त्यांचा १५ मिनिटांचा हिशोब जमायचा. एलईडीत ते जवळपास नसतंच, तासभर ठेवलंत तरी भरवसा नाही. उन्हात करा, ढगाळ असलं तरी चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. आणि वाळवलं कुठे?

झिपरी
बाथरूममधे, रात्रभर, दार लावून. अंधार हवा ना. इथे चिपळूणला धो धो पाऊस आहे, कपडेसुद्धा वाळत नाहीयेत.

खटपट्या
म्हणजे वाळलेलंच नाही. दमट कोटिंग वरून सुकल्यासारखं दिसतं, आत ओलं राहतं आणि पाण्याबरोबर सुटून येतं. कपाटात छोटा पंखा लावून आडवं ठेवा, छपाईची बाजू खाली. बोट लावल्यावर जराही चिकट लागलं तर अजून थांबा. आणि तुमची प्रिंट बल्बसमोर धरून बघा, काळ्यातून उजेड दिसला तर बारीक अक्षरं उघडणार नाहीत. लेझर प्रिंटच्या दोन प्रती बरोब्बर एकावर एक चिकटवा.

घडीबाज
एवढं कशाला? भरतकामाची रिंग, त्यात जुनी नायलॉनची ओढणी ताणायची, नको त्या जागी फेविकॉल फासायचा. मुलांसोबत केलंय, मस्त होतं.

रानपाखरू
फेविकॉल पाण्याच्या शाईत सुटतो. मोदक ठीक, आमंत्रणाचा मजकूर ब्रशने कोण लिहिणार?

घडीबाज
आमचा नाही सुटला.

खटपट्या
झिपरी, एकदम शेवटचा स्क्रीन करू नका. काच ठेवलीत की वर पुठ्ठा, आणि दर मिनिटाला तो दोन बोटं सरकवायचा. धुतल्यावर जी पट्टी वाहून गेली तिला वेळ कमी पडला, जिच्यात बारीक रेघा बुजल्या तिला जास्त झाला, मधली घ्यायची. पाणी हलक्या फवाऱ्याने, आधी भिजवून मिनिटभर थांबून.

झिपरी
ऊन पडलं!! ४ मिनिटांच्या पट्टीत मोदकाच्या कळ्यासुद्धा उघडल्यात, २ ची पूर्ण गेली. लगेच अख्खा स्क्रीन केला, पहिलं कार्ड छापलं, फोटो टाकतेय. पण आता शाई जाळीतच वाळतेय, तिसऱ्या कार्डाला अक्षरं तुटली.

खटपट्या
पंखा बंद करा आधी. पाण्याची शाई असेल तर प्रत्येक कार्डानंतर फ्रेम उचलून स्क्वीजीने, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीने, शाईचा हलका थर जाळीवर पसरून ठेवायचा, मोकळी सोडायची नाही. बुजलेल्या जागी ओलं फडकं. आणि फ्रेमच्या कोपऱ्यांखाली एकेक नाणं ठेवा, कागद जाळीला चिकटणार नाही.

दादरचा_पोपट
पण कार्डं आहेत किती?

निळीशाई
फोटो मोठा करून बघितला. छपाई झकास. पण 'दर्शनाला' च्या जागी 'दशर्नाला' पडलंय, रफार श वरचा न वर गेलाय. पुढची छापू नका, पॉझिटिव्ह पुन्हा काढा.