दारू सुटली, पण झोप काही येईना
प्रश्न: दारू सोडून ५० दिवस झाले, तरी पहाटे ३ वाजता जाग येते, मग पंख्याची घरघर ऐकत पडून राहतो आणि दिवसभर कशातच मन लागत नाही. हे किती काळ चालायचे?

उत्तर १: दारू गुंगी देते, शांत झोप नव्हे; दारू थांबल्यावर उत्तेजित झालेला मेंदू स्थिरावायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. माझे ४ महिने गेले. संध्याकाळचा चहा (तो सोडणेही जिवावर आले होते) आणि दुपारची झोप बंद केल्यावर फरक पडला.

उत्तर २: झोपेची गोळी मनाने घेऊ नका, तिचीही सवय लागते. उदासी २ आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा झाला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीसुद्धा बोलता येते.

प्रश्नकर्ता: दुपारी तासभर झोपतो खरा. सोमवारी डॉक्टरांकडे जातो.